ब बाजू

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत एका कॉलेजचा १९९४ सालचा वार्षिकांक आहे. बायकोच्या हाती लागू नये म्हणून तो एलआयसीच्या पावत्यांखाली ठेवलाय. त्यात माझा साडेतीन पानांचा लेख आहे : 'स्लेअरच्या दोन बाजू : एक तौलनिक विचार'. सोबत माझा पासपोर्ट साइझ फोटो. तोंडावर भाव असा, की मुखेड तालुक्यात संगीत कळणारा हा एकटाच जन्माला आलाय.

सुरुवात लातूरला झाली. लातूर पॅटर्नने मला डॉक्टर करावं म्हणून आप्पांनी तिकडे खोली करून दिली होती. खोलीतल्या एका पार्टनरचा मावसभाऊ मुंबईचा. धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक'ला जाणारा, केस खांद्यापर्यंत. त्याच्याकडची एक कॅसेट आमच्या खोलीत आली. मी ती दुकानात नेऊन कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली, दोन्ही बाजू, दहा रुपये. दुकानदाराने लेबलवर बॉलपेनने 'स्लेअर' एवढंच लिहिलं. कागद नाही, गाण्यांची नावं नाहीत. पुढच्या सगळ्या शोभेचं मूळ हे.

स्लेअर ह्या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' हा तो अल्बम, १९८६ सालचा. दहा गाणी आणि सगळी मिळून २९ मिनिटांच्या आत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, टेप बिघडली. दुसऱ्यांदा वाटलं, मी बिघडलो. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की ढोल मिनिटाला २००च्या पुढे पडतोय आणि तरी एकही ठोका दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. तोवर मेटल म्हणजे मोठ्या हॉलमध्ये वाजल्यासारखं, घुमणारं. ह्याचा निर्माता रिक रुबिन हिपहॉपवाला. त्याने तो घुमारा काढूनच टाकला. त्यामुळे प्रत्येक ठोका कोरडा, जवळून, शेजारच्या अंगणात कुणी लाकडं फोडतंय तसा. त्या वर्षी माझं फिजिक्स गेलं, ते ह्याच कुऱ्हाडीखाली.

सुट्टीत मुखेडला आलो तेव्हा मायनं विचारलं, "हे कशावरचं गाणं हाय रे?" पार्टनरकडून ऐकलं होतं तेवढं मी सांगितलं, "पहिलं गाणं एका जर्मन डॉक्टरवर आहे." माय खूश. "आवो, आयकलात का? डॉक्टरवर गाणं हाय म्हणं." आप्पा तंबाखू मळत होते. म्हणाले, "डॉक्टर कशाचा, पेशंट वरडलालाय तो."

तो डॉक्टर म्हणजे आउश्वित्झ छळछावणीतला मेंगेले, हे मला फार उशिरा कळलं. त्या गाण्यापायी कोलंबिया कंपनीने अल्बम विकायला नकार दिला होता, मग तो गेफेनकडून बाजारात आला. गाण्याच्या सुरुवातीला जी किंकाळी आहे, तिच्याबद्दल इंग्रजीचा एक शब्द न कळता आप्पा जे बोलले ते माझ्या साडेतीन पानांत कुठेच नाही.

माझ्या साडेतीन पानांत काय होतं? सांगतो. मुखेडला तेव्हा दिवसा लाइट असायची, संध्याकाळी हटकून जायची. दिवसा मी अ बाजू ऐकायचो, लाइटवर. रात्री गच्चीवर ब बाजू, सेलवर. सेल चार, त्यातले दोन कायम मरणाच्या दारात. ते मी दुपारी पत्र्यावर उन्हात वाळवायचो, दातानं चेपायचो, आणि रात्रीपुरते जगवायचो. टेप त्यावर चालायची, पण दमून. आवाज खाली उतरायचा, गाणं जड व्हायचं. मला मात्र साक्षात्कार झाला की ब बाजू ही वेगळीच चीज आहे. लेखात मी लिहिलं : 'अ बाजूवर तारुण्याचा संताप आहे, तर ब बाजूवर त्याच संतापाचं चिंतनात झालेलं रूपांतर.' पुढे : 'ब बाजूवरील गायकाचा आवाज अधिक प्रौढ आहे.' ह्या लेखाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं पावसावरच्या कवितेला गेलं, म्हणून मी आठवडाभर परीक्षकांशी बोललो नाही.

बक्षिसाची ऊब अंगात असताना मी गावाला शहाणं करायचं ठरवलं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टेप होती, लाइटवरची. मालक ओळखीचा. लग्नसराईतली दुपार. भट्टीजवळ एक हलगीवाले मामा उकिडवे बसून हलगी शेकत होते. कातडं जाळाला दाखवायचं, बोटानं टिचकी मारायची, कानाशी नेऊन ऐकायचं, परत जाळाला. वरात निघायला अवकाश होता.

मी अ बाजू लावली. दोघे गिऱ्हाईक चहा टाकून उठले. मामा उठले नाहीत. बारकी काडी हलगीच्या कडेवर हळूच टेकवत राहिले. अर्ध्या तासाने बाजू संपली. मी कॅसेट उलटली आणि, माझं दुर्दैव, चार शब्द बोललो. "मामा, आता ब बाजू. ही जरा समजून घ्यावी लागते."

दोन मिनिटं झाली असतील.

"बापू, हे तेच वाजलालंय की."

मी हसलो. तेव्हाचं माझं ते हसू आठवलं की आजही कान तापतात. "तसं वाटतं, मामा. नवख्याला फरक कळत नाही."

मामांनी वाद घातला नाही. थोडा वेळ थांबले, मग काडी वर धरून म्हणाले, "आता समदे गप होतेत, अन् नुसता ढोल येतो. पायानं वाजवल्यावानी." समदे गप झाले. नुसता ढोल आला, दोन्ही पायांनी. स्लेअरचा ड्रमर डेव्ह लोम्बार्डो, त्याचा तो तुकडा मी दोन वर्षं ऐकत होतो. मामांनी एकदाच ऐकला होता.

मालक म्हणाला, "म्हंजे एकच गाणे दोनदा भरून घेतलास व्हय? दहा रुपय देऊन?"

फसवलं कुणीच नव्हतं. अल्बम एवढा आखूड, की कंपनीनेच कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तो सबंध छापला होता. एकीकडे संपला की उलटून पुन्हा ऐका. दुकानदाराने इमानदारीत दोन्ही बाजू उतरवल्या. चिंतन सगळं सेलचं होतं.

पुढे मुंबईत सेप्टर नावाचा आपलाच थ्रॅश बँड १९९८पासून वाजवतोय असं कळलं. त्यांचा 'एज ऑफ कॅलॅमिटी' हा २०१३चा अल्बम बायकांवर होणाऱ्या जुलमावर आहे. तो मी मोबाइलवर ऐकला, चार्जिंग शंभर टक्के करून, आणि त्याबद्दल कुठेही काही लिहिलं नाही.

हॉटेलात ती फजिती झाली त्या दिवशी वरातीमागून मी टेप घेऊन चालत होतो. हॉटेल मालकाकडून उधार आणलेले नवे चार सेल. मामांची हलगी वीरभद्राच्या देवळाच्या दिशेने निघाली, तसं मी ब बाजूवर रेकॉर्डचं बटण दाबलं. घोडं, बँडवाल्याचं क्लॅरिनेट, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी, सगळं त्यात आहे. मधेच मामांनी माझ्याकडे बघून तो दोन पायांचा तुकडा हलगीवर काढला, टिपरूनं आणि काडीनं, आणि पुढे गेले. नवरदेवाच्या मामाला वाटलं आपल्यासाठीच आहे. त्यानं वीस रुपये ओवाळले.