वातानुकूलित बर्फाचं मेण

स्कीला कोणतं मेण फासावं, हा प्रश्न उघड्या डोंगरावर खरा असतो. सकाळी बर्फ कोरडा, दुपारी पचपचीत. म्हणून मेणाच्या वड्या तापमानानुसार वेगवेगळ्या रंगांत विकतात. पण दुबईच्या मॉलमधल्या, 2005 साली उघडलेल्या ‘स्की दुबई’त बाहेर चाळीसच्या वर ऊन असो, आत पारा शून्याखाली बांधून ठेवलेला. जिथे हवामानच नाही, तिथे हवामानाचा अंदाज कसला? तरी हौशी गडी चार रंगांच्या वड्या मांडून पंचांग काढतोच.

जाणकार म्हणतील, कृत्रिम बर्फाचे कण आभाळातल्यासारखे नाजूक नसतात. ते कठीण आणि खरखरीत, मऊ मेण बघता बघता घासून नेतात. अगदी मान्य, आणि म्हणूनच उत्तर सोपं आहे: पारा सांगतो त्याहून एक पायरी कडक वडी घ्या, इस्त्रीने वितळवा, गार झाल्यावर खरवडा, ब्रश मारा, विषय संपला. वेगाचं म्हणाल, तर फ्लोरिनवालं महागडं मेण आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांतून हद्दपार केलं. आणि तिथे निदान सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात तरी. इथला सर्वांत लांब उतार 400 मीटरांचा. मेणाने कमावलेले दोन सेकंद लिफ्टच्या रांगेत व्याजासकट परत जातात. बहुतेकांच्या पायात तर तिकिटासोबत मिळालेली भाड्याची स्की असते. तिला काय फासलंय याची चौकशी कुणी करत नाही, आणि तीही खाली पोचतेच.