अजून एक पीळ

गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवणारा माणूस काकांच्या लेखी भोळसट. ‘तो पोरगा काय आवळणार? मनगटात दम कुठाय?’ असं म्हणत रविवारी सकाळी ते बनियनवर पार्किंगमध्ये उतरतात. जुनी शंभर सीसीची मोटारसायकल, खाली रद्दी पसरलेली, बाजूला पान्यांची पिशवी. तिच्यात हातभर लोखंडी पाइप असतोच. पाना आखूड वाटला की दांड्यावर चढवायला.

बोल्ट बसला की नाही, हे काकांना तोंडावाटे कळतं. ‘हंऽऽ’ असा हुंकार निघाला, कपाळावरची शीर फुगली, म्हणजे बसला. मग ‘अजून एक पीळ असू दे’ म्हणून आणखी एक. घरातला नळ त्यांनी बंद केला, तर उघडायलाही त्यांनाच बोलवावं लागतं.

परवा क्लच प्लेटा बदलायला त्यांनी कव्हर उघडलं. त्याचे बोल्ट सहा मिलिमीटरचे. अशा बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलोचा भार. एवढ्यानं बोल्ट किंचित ताणला जातो, आखडू पाहतो आणि त्याच ओढीनं कव्हर धरून ठेवतो. फार ताणला तर ती ओढच संपते. शिवाय बोल्ट पोलादाचा, आटे अॅल्युमिनियमचे. मार कोणी खायचा हे ठरलेलंच. काकांचा भार ऐंशी किलो, वर पाइप.

मुलानं हौसेनं टॉर्क रेंच आणून दिला होता. आकडा लावायचा, ‘टक्’ झालं की थांबायचं. काकांनी आधी आट्यांना सढळ हातानं तेल चोपडलं. त्यानं घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला ताण जास्त बसतो. मग टक् झालं. ‘आत्ता कुठे घ्यायला लागला!’ काका खूश. पुन्हा टक्. पुन्हा टक्. मुलगा ओरडला, तर म्हणाले, ‘टक् म्हणजे पाना दमला. मी नाही.’

चौथ्या खेपेला टक् झालंच नाही. बोल्ट लोण्यातून फिरावा तसा गरगर फिरू लागला. ‘कंपनीचा मालच हलका,’ काकांनी निकाल दिला.

लेथवाल्यानं गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे बसवून दिले खरे, पण तोवर फरशीवर तेलाचं थारोळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सूचना लागली: ‘पार्किंगमध्ये तेल सांडू नये.’ खाली सेक्रेटरी म्हणून काकांचीच सही. सूचनाफलकाचे चारही स्क्रू त्यांनी जातीनं आवळलेत. काचेला तडा गेलाय, पण फलक हलत नाही.