पैसे दाराचे, माल फटींचा



तुम्ही माझ्या गॅरेजला बसवलेलं दार तुमच्या माहितीपत्रकात फार देखणं दिसतं. त्या फोटोत हिरवळ आहे, कुंड्यांमध्ये फुलं आहेत आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी बिनबाह्यांचा झगा घातला आहे. विनिपेगमध्ये असे कपडे घालून अंगणात उभं राहता येतं ते वर्षातले तीन-चार महिने. उरलेल्या महिन्यांत ते दार कसं वागतं याचा एकही फोटो तुम्ही छापलेला नाही, म्हणून ती उणीव मी इथे भरून काढते आहे.

पत्र मराठीत आहे, कारण तुमचं पुढचं गिऱ्हाईक आमच्यातलंच असणार आहे. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून आलेली तरुण कुटुंबं इथे पहिलं घर घेतात. गावाकडे गॅरेज म्हणजे स्कूटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. इथे ते बऱ्याचदा घराचा भाग असतं, एक भिंत बैठकीच्या खोलीशी सामाईक आणि वर कधी कधी झोपायची खोली. घराला असलेलं सर्वांत मोठं भोक म्हणजे गॅरेजचं दार, हे त्यांना पहिल्या हिवाळ्यापर्यंत कुणी सांगत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही त्याच अज्ञानावर धंदा करता.

सप्टेंबरच्या उन्हात तुम्ही नमुन्याचा तुकडा माझ्या हातात दिलात. दोन पत्रे, मधे दोन इंच पॉलियुरेथेनचा फोम. "आर-१८," असं तुम्ही तीन वेगवेगळ्या वाक्यांत म्हणालात. हा आकडा खोटा नाही, आणि तुमच्या चलाखीचं मूळ तिथेच आहे. आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. आकडा मोठा तितकी ऊब आत टिकते. साधा थर्माकोल इंचामागे चारच्या आसपास अडथळा देतो, पॉलियुरेथेन सहाच्या वर. दोन इंचांत आर-१८ चा दावा करतात तो याच फोमच्या जोरावर. पण तो आकडा मोजतात फळीच्या मधोमध, जिथे फोम सलग आणि पूर्ण जाडीचा असतो. माझं दार म्हणजे फळीचा मधला भाग नव्हे. त्यात चार आडव्या फळ्या आहेत, त्यांचे सांधे आहेत, बिजागऱ्या आहेत आणि कडेला वळवलेला पत्रा आहे. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा काठावर एकमेकांना भिडले की थंडीला फोममधून जावंच लागत नाही, ती लोखंडातून सरळ आत येते. चांगल्या दारांत या दोन पत्र्यांच्या मधे उष्णता न वाहणारी पट्टी घालतात. तुम्ही दिलेल्या दारात ती नाही. उणे ३० च्या रात्री आतल्या बाजूला नेमके ते आडवे सांधे पांढरे होतात, बिजागऱ्यांवर हिमाची साय धरते. तुमच्या दाराने आपले दोष स्वतः रेघा मारून दाखवले आहेत.

उत्तर अमेरिकेत संपूर्ण दाराची, सांधे आणि कडांसकट, चाचणी करण्याची पद्धत अस्तित्वात आहे. दारं बनवणाऱ्यांच्या संघटनेचंच ते मानक आहे, डास्मा १०५. त्यातून येणारा आकडा फळीच्या मधल्या आकड्यापेक्षा बराच खाली असतो. मी तो आकडा मागितला तेव्हा तुम्ही मला रंगांचा तक्ता दाखवलात. मग मीच हिशेब केला. दार १६ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ११२ चौरस फूट. बाहेर उणे ३०, आत ५ अंश ठेवायचे. सगळं दार खरोखर आर-१८ असतं तर त्यातून सतत सुमारे ११५ वॉट उष्णता बाहेर गेली असती. प्रत्यक्षात ते आर-६ निघालं तर तीच गळती ३४५ वॉट. फरक एका छोट्या हीटरइतका नाही, म्हणून तुमच्यासारखे लोक निभावून जातात. ही झाली फळ्यांमधून होणारी गळती. फटींमधून येणारा वारा या हिशेबात धरलेलाच नाही, आणि माझा खरा राग त्या वाऱ्यावर आहे.

दाराच्या तळाशी जी पट्टी तुम्ही लावलीत ती स्वस्त व्हिनाइलची आहे. बसवताना वीस अंश तापमान होतं, पट्टी मऊ होती, जमिनीला चिकटून बसली. थंडीत व्हिनाइल आखडतं आणि ताठरतं. १६ फुटांची, म्हणजे जवळजवळ पाच मीटरची पट्टी ५० अंशांच्या फरकाने दीड-दोन सेंटिमीटर आखूड होते. तुम्ही ती दाराच्या रुंदीला बरोबर कापली होती. दोन्ही कोपरे उघडे पडले. इथल्या थंडीत लवचीक राहणारं इपीडीएम रबर मिळतं, सिलिकॉनही मिळतं, आणि संपूर्ण दाराच्या किमतीपुढे ती पट्टी नगण्य आहे. एवढ्या मोठ्या बिलात तुम्ही तेवढ्यावर हात आखडता घेतलात.

त्यात या शहराची माती. विनिपेग हिमयुगाअखेरच्या ॲगसी नावाच्या महाकाय सरोवराच्या तळावर वसलं आहे. खाली चिकणमाती आहे, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, वर दरवर्षी जमीन गोठते. इथली काँक्रीटची फरशी सपाट राहत नाही, हे इथला कुठलाही गवंडी सांगेल. माझ्या गॅरेजचा उंबरठा मधे किंचित फुगीर आहे. तुम्ही त्यावर पाणसळ ठेवली नाहीत. तळपट्टी जाड गोलाईची घ्यायला हवी होती, किंवा जमिनीवर रबरी उंबरठा चिकटवायला हवा होता. तुम्ही सरळ दार वाकड्या जमिनीवर टेकवलंत आणि बिल दिलंत. दाराच्या पूर्ण रुंदीवर सरासरी सहा मिलिमीटर फट राहिली, तर तिचं क्षेत्रफळ जवळजवळ ३०० चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे सतरा सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद खिडकी रात्रंदिवस सताड उघडी. प्रेअरीवरचा वायव्येचा वारा तिथून आत येतो, आणि वरच्या खोलीत माझे आई-बाबा झोपतात. सत्तरीच्या पुढच्या माणसाने घरात दोन जोड मोजे घालून वावरावं, पहाटे जमिनीला पाय लावताना गुडघा धरून बसावं, ही तुमच्या सहा मिलिमीटरची किंमत आहे. गॅरेजच्या छतातून पाण्याची नळी जाते. ती गोठून फुटली असती तर बिल कुणाच्या नावावर आलं असतं, तेही सांगा.

बाजूच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. चौकटीला लावलेली पट्टी दाराला हलकी दाबून बसली पाहिजे. तुमची दाराला शिवतच नाही. दिवसा गॅरेजमधला दिवा बंद केला की चारही बाजूंनी उजेडाची रेघ दिसते. तुमच्या माणसांनी निघण्याआधी तो एक दिवा बंद करून पाहिला असता तर हे पत्र अर्धं झालं असतं.

गाडी आत आली की तिच्या चाकांच्या खोबणीत अडकलेलं बर्फ वितळतं. फरशीचा उतार दाराकडे असतो, तो असायलाच हवा. पाणी तळपट्टीपाशी जातं, फटीतला वारा ते गोठवतो, आणि सकाळी दार जमिनीला चिकटलेलं असतं. मी फोन केला तेव्हा तुम्ही मीठ टाकायला सांगितलंत. मिठाने फरशीचे टवके उडतात आणि दाराचा तळाचा पत्रा गंजतो. पाणी गोठायच्या आधी रबरी झाडूने काढून टाकावं, पट्टीला सिलिकॉनचा फवारा मारावा, हे दोन उपाय मला शेजारच्या निवृत्त बसचालकाने शिकवले. तुमचा तो पोटापाण्याचा धंदा आहे, त्याचा नाही.

आता तुमचा सर्वांत गंभीर गुन्हा. इतका वेळ मी थंडीबद्दल बोलले. हा जिवाशी खेळ आहे.

जुनं दार एकेरी पत्र्याचं होतं. नवं दुहेरी पत्र्याचं, फोम भरलेलं आणि वर काचांची रांग असलेलं, म्हणजे वजनाला बरंच जास्त. दाराचं वजन मोटर उचलत नाही. ते दाराच्या डोक्यावरच्या दांडीवर बसवलेली पिळाची स्प्रिंग तोलून धरते, मोटर फक्त वाट दाखवते. म्हणून दार बदललं की नवं दार वजनकाट्यावर घालायचं आणि त्या वजनाला जुळणारी स्प्रिंग लावायची, हा या कामाचा पहिला पाठ आहे. तुम्ही जुन्याच स्प्रिंगा ठेवल्यात. नेहमीच्या स्प्रिंगेचं आयुष्य १०,००० वेळा उघडझाप एवढं धरतात. दिवसाला चार उघडझापा म्हटल्या तर ते सात वर्षं भरण्याआधी संपतं, आणि माझ्या स्प्रिंगा घराइतक्याच जुन्या आहेत. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होतं. पिळाची स्प्रिंग तुटली की गोळी सुटल्यासारखा आवाज होतो आणि पूर्ण दाराचं वजन एका क्षणात निराधार होतं.

दार उचलताना मोटर अडखळते, म्हणून तुमचा माणूस पुन्हा आला. त्याने स्प्रिंगेकडे पाहिलं नाही. शिडीवर चढून मोटरचा जोर वाढवला आणि दहा मिनिटांत निघून गेला. मोटरचा जोर किती आहे यावर एक गोष्ट अवलंबून असते: खाली येणाऱ्या दाराला काही आडवं आलं, तर ते थांबून उलट फिरेल की दाबत राहील. अमेरिकेत दाराखाली सापडून लहान मुलं दगावली, म्हणून कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती ओपनरांना, म्हणजे दार उघडणाऱ्या या मोटरींना, ही सुरक्षा बंधनकारक झाली. जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन्ही बाजूंना ते छोटे विद्युतडोळे बसवतात ते त्यासाठी. तुमच्या फटीतल्या गार वाऱ्यामुळे त्या डोळ्यांच्या काचेवर हिम धरतं, दार मधेच उलट जातं. त्यावर तुमच्या माणसाने फोनवर सुचवलेला उपाय होता भिंतीवरचं बटण दाबून धरून दार बंद करण्याचा. म्हणजे एक सुरक्षा जोर वाढवून निकामी केलीत आणि दुसरी वगळून चालायला शिकवलंत. माझी मुलगी शाळेतून याच दाराने घरात येते.

तुम्ही गेल्यावर मी दार बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून मोटर सोडवली आणि नवऱ्याच्या मदतीने दार हाताने कमरेपर्यंत उचललं. तोल बरोबर असेल तर ते तिथेच थांबतं. आमचं दार खाली कोसळायला लागलं, दोघांनी मिळून धरून ठेवावं लागलं. ही चाचणी प्रत्येक घरात करता येते, वाचणाऱ्यांनी ती जरूर करावी, पण दोन धडधाकट माणसं असताना आणि मुलांना घरात पाठवूनच. स्प्रिंगेला मात्र स्वतः हात लावू नये. तिच्यातला ताण मनगट मोडण्याइतका असतो.

तुम्ही सर्वाधिक वेळ कशावर घालवलात ते मला लख्ख आठवतं: काचा चौकोनी हव्यात की कमानीच्या, कडी काळी हवी की पितळी, रंग कोळशाचा की बदामी. पत्र्याच्या गेजबद्दल एक शब्द नाही. पत्रा जितका जाड तितका गेजचा आकडा लहान, म्हणजे २४ गेज २८ पेक्षा जाड, हे मला कोल्हापूरच्या आमच्या पत्र्याच्या दुकानामुळे लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला तुम्ही २८ हा मोठा आकडा म्हणून मिरवून विकला असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. जानेवारी संपण्याच्या आत, उणे वीसच्या खाली पारा असलेल्या दिवशी, तुम्ही स्वतः या. दाराचं वजन करा, त्या वजनाच्या आणि २५,००० उघडझापांच्या स्प्रिंगा तुमच्या खर्चाने लावा. मोटरचा जोर मूळ जागी आणा आणि जमिनीवर आडवी फळी ठेवून दार उलट फिरतं हे मला दाखवा. तळपट्टी इपीडीएमची, रुंदीपेक्षा थोडी लांब कापलेली. बाजूच्या पट्ट्या सोडवून दाराला टेकतील अशा पुन्हा बसवा. दिवा बंद करून आपण दोघं आत उभे राहू. उजेड दिसला तर काम पुरं झालेलं नाही. संपूर्ण दाराच्या चाचणीचा आकडा कागदावर, सहीसह द्या. तो माहितीपत्रकातल्या आकड्याच्या जवळपासही नसेल, तर फरकाची रक्कम परत करा.

याची प्रत इथल्या मॅनिटोबा प्रांताच्या ग्राहक संरक्षण कार्यालयाला पाठवायच्या तक्रारीसोबत जोडून ठेवली आहे. तुम्ही महिनाअखेर आला नाहीत तर ती टपालात पडेल, आणि दाराचे पांढरे पडलेले सांधे, उघडे कोपरे आणि न शिवणाऱ्या पट्ट्या यांचे तारखेसह फोटो तिच्यासोबत जातील.

— तुमची एक ग्राहक,
विनिपेग