एम.ए. पार्ट वन, मराठी

बी.ए.ला मराठी स्पेशल घेतलेल्या मुलाला त्याचे सर केव्हातरी सांगून बसतात, "तुझ्यात लेखक दडलाय." सर विसरून जातात. मुलगा विसरत नाही. एक बॅग, एक गादी आणि कवितांची एक डायरी घेऊन तो पुण्याला येतो आणि विद्यापीठात एम.ए. मराठीच्या वर्गात जाऊन बसतो. बरोबरीचे मित्र एमपीएससीला लागलेले असतात. घरी त्याने काय सांगितलेय, ते त्यालाच माहीत.

महिन्याभरात तो लांबूनही ओळखू येतो. दाढी वाढलेली, खांद्याला शबनम. ही शबनम आताशा दुकानात शोधून सापडत नाही, पण एम.ए. मराठीवाल्याला ती कुठूनतरी मिळतेच. आत 'कोसला' असते. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच, याबद्दल वसतिगृहातल्या प्रत्येकाची खात्री असते. 'कोसला'वर त्याचे प्रेम असायला आणखी एक कारण आहे. 1963 साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीतले. हा बावीसचा. म्हणजे अजून तीन वर्षे हातात आहेत, असा हिशेब त्याने डायरीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलेला असतो. पुढे ज्ञानेश्वरी शिकवायला घेतात. ती 1290ची आणि परंपरेप्रमाणे कर्ता जेमतेम पंधरा-सोळाचा, हे ध्यानात आल्यावर मागचे पान गुपचूप फाडले जाते.

खरा दणका बसतो तो साहित्य समीक्षेच्या तासाला. लेखक व्हायला आलेल्या या माणसाला तिथे कळते की रोलां बार्थ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी 1967 मध्येच लेखकाचा मृत्यू जाहीर करून टाकला आहे. पहिल्या रांगेतल्या मुली ही बातमी शांतपणे उतरवून घेतात. हा मात्र दोन दिवस जेवत नाही. तिसऱ्या दिवशी जेवतो, पण बोलतो वेगळेच. 'गोष्ट' म्हणायची सोडून 'संहिता' म्हणू लागतो. कँटीनच्या पोह्यांत मीठ कमी पडले तर त्यात त्याला 'आशयाची विरलता' दिसते. रूममेटचे लग्न मोडते, हा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "यातले सत्तासंबंध समजून घे." रूममेट खोली बदलून घेतो.

जयकर ग्रंथालयात त्याचा दिवस जातो. वाचनकक्षात बहुतेक मंडळी स्पर्धा परीक्षेची. साहित्य म्हणून साहित्य वाचणारा हा जवळपास एकटाच. शेजारचा मुलगा सहज विचारतो, "मराठीतला आद्य ग्रंथ कोणता?" हा खुर्ची सरसावून बसतो. 'विवेकसिंधू', 'लीळाचरित्र', कालनिर्णयाचे वाद, हस्तलिखितांचे प्रश्न, सगळे काढतो. शेजारचा मध्येच तोडतो, "विवेकसिंधू, मुकुंदराज, 1188. ऑप्शन बी." आणि चालू घडामोडींकडे वळतो. चहा पिऊन परत आला तरी याचे म्हाइंभटापर्यंतसुद्धा पोहोचून झालेले नसते.

भाषाविज्ञान मात्र त्याला मानवते. पुण्यात आल्यापासून ज्या बोलण्याला लोक हसले ती एक रीतसर बोली आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे ऐकून तो फुलून येतो. रात्री लातूरकडच्या आपल्या गावी आईला फोन लावतो आणि वही उघडून बसतो.

"काय करायलास रे?" आई विचारते.

"थांब आई. हे पुन्हा एकदा म्हण. सावकाश."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणते, "पैशे संपले का?"

संपलेले असतातच.

कविता? ती चालू आहे. पण आता प्रत्येक ओळीत कोणता आदिबंध आहे हे आधी ठरवावे लागत असल्याने वेग कमी झालाय. सर्जनशील लेखनाच्या स्वाध्यायात त्याने एक दीर्घकविता दिली होती. वहीवर सरांचा लाल शेरा आला, "ऱ्हस्व-दीर्घ पाहावे." मर्ढेकरांना कोर्टात खेचले होते, तेव्हा हे काहीच नाही, असे त्याने त्यावर मित्रांना सांगितले. दिवाळी अंकांना पाठवलेल्या कविता पूर्वी 'साभार परत' यायच्या, निदान पाकीट तरी हाती पडायचे. आता संपादकांच्या व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या रेघा उमटतात, एवढेच.

या सगळ्याला हसणे सोपे आहे, आणि मी हसतोही. पण अप्पा बळवंत चौकात बाकीचे गाइडं मागत असताना खिशातल्या शेवटच्या दोनशे रुपयांत कोलटकर घ्यायचा की चित्रे, या विवंचनेत अर्धा तास उभा राहणारा माणूस मला याच्याशिवाय दुसरा दिसलेला नाही. मराठीला अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळाला. पुस्तक विकत घेणारा माणूस सरकारी निर्णयाने मिळत नाही.

तेव्हा तो भेटला आणि "एक कविता ऐकवू का?" म्हणाला, तर ऐका. एकच ऐका. चहाचे पैसे मात्र तुम्हीच द्या. एम.ए.ला पंचावन्न टक्के पडतीलच या भरवशावर त्याने कालच सेटचा फॉर्म भरलाय.