गोलात कोण कोण आहे?

"लोकेशन मिळालं!"

साडूभाऊंनी हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात आमच्या नात्यात आजवर दोनच बातम्या आल्या आहेत: 'मुलगा झाला' आणि 'प्लॉटची रजिस्ट्री झाली'. लॅपटॉप मंगळवारी भर दुपारी गेला. ओसरीतल्या दिवाणावरून, चार्जरसकट. खाली ठेवलेली उशीसुद्धा गेली, म्हणजे चोर मान जपणारा असावा. मेहुणीबाईंनी रडून घेतलं, शेजारच्यांनी 'कल ही एक आदमी घूम रहा था' हे सांगून घेतलं. साडूभाऊ मात्र सत्यनारायणाला बसल्यासारखे शांत. कारण त्यांनी 'ते' टाकून ठेवलं होतं.

'ते' म्हणजे काय हे सांगायला नको. प्रत्येकाच्या नात्यात असा एक असतो. फोनला काच, काचेवर आणखी एक काच, स्कूटरला तीन कुलपं आणि लॅपटॉपमध्ये माग काढणारं सॉफ्टवेअर, वर्षाची वर्गणी आगाऊ भरून. चोरानं लॅपटॉप उघडून इंटरनेटला जोडला की ते गुपचूप मालकाला कळवतं. आता पासवर्ड ठाऊक नसताना चोर आत जाणार कसा? त्याचीही सोय आहे. पाहुण्यांसाठी एक वेगळं खातं काढून ठेवायचं, त्याला पासवर्ड नाही. मी मनाचं सांगत नाही, असली सॉफ्टवेअरं विकणारे खरोखर हा सल्ला देतात. घराला कुलूप लावा, पण ओसरीत चोरासाठी अंथरूण-पांघरूण घालून ठेवा. साडूभाऊंनी त्या पाहुण्यांच्या खात्यावर गणपतीचा फोटोही लावला होता. आलेल्याला परकं वाटू नये.

तर लोकेशन. आम्ही सगळे त्यांच्या मोबाइलभोवती जमलो. नकाशा. नकाशावर निळा ठिपका, ठिपक्याभोवती फिकट निळा गोल आणि खाली बारीक अक्षरांत: 'अचूकता: २ किलोमीटर'.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अचूकता, दोन किलोमीटर. सातवीत आम्हाला वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवणारे गुरुजी आज असते तर त्यांनी छडी काढली असती. दोन किलोमीटर त्रिज्या म्हणजे साडेबारा चौरस किलोमीटर. जमिनीच्या भाषेत बोलायचं तर तीन हजार एकरांच्या वर. एवढ्या रानात कुठेतरी एक लॅपटॉप आहे, हे साडूभाऊंना कळलं होतं आणि त्याबद्दल त्यांनी पैसे भरले होते. फुकटात मी त्यांना एवढंच सांगितलं असतं की लॅपटॉप आमच्या जामुल गावातच कुठेतरी असेल.

गोलात काय नव्हतं! सिमेंट कारखान्याची चिमणी होती. कामगारांच्या चाळी होत्या. औद्योगिक क्षेत्रातल्या पत्र्याच्या शेडी, तलाव, शीतलामातेचं देऊळ, शाळा, नंदिनी रोडवरचे टायर-पंक्चरवाले, गुपचुपचे म्हणजे पाणीपुरीचे ठेले, लग्नाचे दोन लॉन, सगळे गोलात. आणि गोलाच्या अगदी मधोमध, ठिपक्यापासून बोटभर अंतरावर, आमचं घर.

"तुमचं घरही येतंय," साडूभाऊ म्हणाले. सहज म्हणाले. पण म्हणताना वर बघितलं नाही.

तिथून पुढचे चार दिवस मी माझ्याच घरात संशयित म्हणून राहिलो. मेहुणीबाई हळदीकुंकवाला म्हणून आल्या आणि पलंगाखाली वाकून 'टाइल्स छान आहेत हं' म्हणाल्या. आमच्या हिनं त्यांना विचारलं, "ताई, तुमचं घर नाही का गोलात?" तर होतं! गोल कोणाला सोडत नव्हता. किराणावाला गोलात, दूधवाला गोलात, ज्या शेजाऱ्यानं कालचा फिरणारा माणूस पाहिला तो गोलात आणि तो फिरणारा माणूस तर फिरूनफिरून गोलातच. साडूभाऊंनी वहीत नावं लिहायला घेतली. पंचेचाळीस झाल्यावर वही संपली. त्यात सेहेचाळिसावं नाव स्वतःचं लिहावं लागेल हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नवी वही आणली नाही.

आम्ही ठाण्यात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथे भेटलेले मुंशीजी हा या सगळ्या प्रकरणात शहाणं बोललेला एकमेव माणूस आहे आणि शहाण्या माणसाला त्रास देऊ नये. त्यांनी नकाशा दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, फोन आडवा धरला.

"लोकेशन तो ठीक है भैया. घर कौन-सा है?"

"गोले में है," साडूभाऊ म्हणाले.

"गोले में तो थाना भी आ रहा है. पहले हमारी तलाशी ले लो."

मग त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. मोबाइल असता तर आयएमईआय नंबर टाकून तो देशभर बंद करता आला असता, मे २०२३ पासून ती सोय सगळ्या राज्यांत आहे. लॅपटॉपला असा नंबर नसतो. किंमत काय? साडूभाऊंनी छातीठोकपणे घेतल्यादिवशीची सांगितली. "आज की बताओ." सहा वर्षांचा लॅपटॉप, एक बिजागरी फेव्हिक्विकनं चिकटवलेली, 'झ' दाबला की 'झझझ' उमटायचं. मुंशीजी भल्यासाठीच विचारत होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, माल पाच हजारांच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल परत केला असेल तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. साडूभाऊ बाहेर येऊन म्हणाले, "समाजसेवा मीच करतोय. पासवर्ड न ठेवता खातं उघडून दिलंय."

शनिवारी ठिपका हलला. नागपूर! धरमपेठ! आणि गोल या वेळी एवढासा, चाळीस मीटरचा. साडूभाऊंनी रात्रीची गाडी धरली. धरमपेठेतल्या त्या चाळीस मीटरांत एक दवाखाना, एक झेरॉक्सचं दुकान आणि चार बंगले निघाले. चारही बंगल्यांतल्या लोकांनी त्यांना गेटवरूनच 'कोण पाहिजे?' विचारलं. 'माझा लॅपटॉप' हे उत्तर नागपुरात चालत नाही. सोमवारी ते संत्रा बर्फी घेऊन परतले.

खुलासा भाच्यानं केला, तो कॉम्प्युटरचं शिकतो. लॅपटॉपला स्वतःला आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं. आसपास कोणाकोणाचे वायफायचे डबे आहेत ते तो हुंगतो, त्यांचे क्रमांक एका भल्या मोठ्या यादीला विचारतो, यादी सांगते, हा डबा अमक्या गल्लीतला. आता चार गल्ल्या पलीकडे गेल्याच महिन्यात नागपूरहून बदली होऊन एक कुटुंब आलंय. पलंग, कपाट, कुंड्या आणि आपला वायफायचा डबा घेऊन. डब्याची बदली यादीत झालेली नाही, यादीच्या लेखी तो अजून धरमपेठेतच राहतो. म्हणजे साडूभाऊ नागपुरात चार बंगल्यांच्या गेटवर उभे होते तेव्हा लॅपटॉप जामुलमध्ये, त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर, बहुधा उशीवर होता. ते परतले तोवर ठिपका विझला होता.

ठिपका हलला त्या शनिवारी एक फोटोही आला होता. हे सॉफ्टवेअर कॅमेरा चालू करून चोराचा फोटो काढतं, ही साडूभाऊंची सर्वांत लाडकी सोय. फोटोत पंख्याचं एक पातं होतं आणि भिंतीवर लटकलेल्या लाला रामस्वरूप पंचांगाचा खालचा कोपरा. अर्ध्या जामुलच्या भिंतीवर ते पंचांग आहे. साडूभाऊंच्या भिंतीवरही आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेनं मुलांना दिलेल्या लॅपटॉपांत अशीच सोय ठेवली होती. २०१० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा मुलांच्या घरातली आणि त्यांच्या पडद्यांवरची मिळून ६६ हजारांच्या आसपास छायाचित्रं निघाली. एका मुलाला त्याचाच फोटो दाखवून गोळ्या खातोस म्हणून झापलं, तो म्हणाला खाऊच्या होत्या. शेवटी ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड झाली. घरच्या पोराच्या हातातली खाऊची गोळी दिसते हो. चोराचं मात्र पंचांग दिसतं.

हे बघा, मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण मला एक सांगा, मला बूट हवेत असं मी बायकोशी नुसतं बोललो तरी सुपेल्यातल्या बुटांच्या दुकानाची जाहिरात माझ्या फोनवर येते, 'तुमच्यापासून पावणेसहा किलोमीटर'. पावणेसहा! साडेपाच नाही, सहा नाही. बिर्याणी आणणारा पोरगा तिसऱ्या मजल्याच्या डावीकडच्या दारापर्यंत बिनचूक येतो. कर्जवाला तर मी पाहुणा म्हणून गेलेल्या घरी फोन करतो. मला काही विकायचं असेल, माझ्याकडून काही वसूल करायचं असेल, तेव्हा हा सगळा पसारा माझ्या चपलेच्या अंगठ्यापर्यंत येऊन उभा राहतो आणि माझी वस्तू गेली की तोच पसारा तीन हजार एकरांकडे मोघम हात करून म्हणतो, 'इकडेच कुठेतरी बघा.' आणि ज्या जामुलभोवती हा गोल आखलाय ते जामुल यांना एरवी सापडतं का? चाळीस वर्षं इथे राहतोय. अर्जाच्या यादीत गाव निवडायला गेलो की भिलाई असतं, दुर्ग असतं, जामुल नसतं. कुरिअरवाली मुलगी विचारते, 'जामुन, जैसे गुलाबजामुन?' पुण्याचे नातेवाईक पाकिटावर अजून 'म. प्र.' लिहितात, त्यांच्यापर्यंत छत्तीसगड वेगळं झाल्याची १ नोव्हेंबर २००० ही तारीख पोचलेलीच नाही. एवढा मोठा सिमेंटचा कारखाना, ज्याची राख आम्ही वाळत घातलेल्या पापडांवरून आयुष्यभर झटकली, तोही नकाशावाल्यांना भिलाईत दिसतो. आणि चोरी झाली, की कसं ठसठशीत अक्षरांत, गोलाच्या बरोब्बर मधोमध: जामुल! आमचं गाव जगाच्या नकाशावर यायला लॅपटॉप चोरीला जावा लागला.

असो. रक्तदाबाची गोळी घेऊन आलो.

दहा दिवसांनी शेवटचा ठिपका उमटला तो वाशीम जिल्ह्यात. वाशीम आणि रिसोडच्या मध्ये, हिरव्या रानात. साडूभाऊ आनंदानं थरथरले. चोर पळाला, घाबरला, विदर्भात दडला! भाच्यानं डोक्याला हात लावला. या वेळी चोराच्या आसपास ओळखीचा कुठलाच डबा नव्हता, तेव्हा यंत्रणेनं त्याच्या आयपी पत्त्यावरून अंदाज केला. आयपी पत्ता म्हणजे काही घरनंबर नव्हे. इंटरनेट पुरवणारा जो क्रमांक देईल तो. आणि कोणता क्रमांक कुठला याच्या याद्या तिसराच कोणी बनवून विकतो. गाव कळलं नाही की यादी शहर सांगते, शहर कळलं नाही की नुसता देश. पण नकाशावर ठिपका तर कुठेतरी टेकवायला हवा. देशांच्या अक्षांश-रेखांशांच्या ज्या याद्या जगभर फिरतात, अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या आता बंद झालेल्या 'वर्ल्ड फॅक्टबुक'सकट, त्यांत भारतापुढे लिहिलेलं असतं: २० उत्तर, ७७ पूर्व. अपूर्णांकाची कटकटच नको. नागपूरकरांनो, झिरो माईलच्या खांबाशी फोटो काढून झाले असतील तर कळवतो की तुमचा मान गेलाय. यंत्रांच्या दृष्टीनं भारताचा मध्य म्हणजे वाशीमजवळचं एक सोयाबीनचं शेत. 'भारतात कुठेतरी' एवढंच ज्याच्याबद्दल ठाऊक आहे, तो प्रत्येक लॅपटॉप त्या शेतात असतो.

हसू नका, अमेरिकेत हे होऊन गेलंय. कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. अशाच एका यादीवाल्यांनी देशाचा मध्य म्हणून सोपा आकडा घेतला, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. ठावठिकाणा न लागणारे ६० कोटींच्या वर आयपी पत्ते त्या एका शेतावर येऊन पडले. बिचाऱ्या शेतकऱ्यांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस, करवाले, फसवले गेलेले लोक, सगळे आपापला चोर शोधत येत राहिले. २०१६ मध्ये एका पत्रकारानं हे उजेडात आणलं, तेव्हा यादीवाल्यांनी ठिपका हलवला. कुठे, तर विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावाच्या मध्यावर. आता कोणी पाण्यात उतरून चौकशी करणार नाही, असा हिशेब असावा.

हे सगळं मी साडूभाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "पण लोकेशन तर मिळालंय ना?" त्याच सकाळी त्यांना कंपनीचं पत्र आलं होतं: वर्गणी संपत आली आहे, आपलं उपकरण सुरक्षित राहावं यासाठी नूतनीकरण करा. त्यांनी केलं. दोन वर्षांचं घेतल्यावर सूट होती.

मग त्यांनी रिसोडला फोन लावला. तिथे त्यांची चुलत बहीण दिलेली आहे. जावईबापू सरळ माणूस. 'अहो जरा शेतात बघून याल का' म्हटल्यावर कशासाठी हेही न विचारता मोटारसायकल काढून गेले. तासाभरानं व्हॉट्सॲपवर फोटो आला. गुडघाभर सोयाबीन, बांधावर बाभूळ, बाभळीखाली उपरणं टाकून बसलेला एक म्हातारा. खाली जावईबापूंचा आवाज रेकॉर्ड केलेला:

"दादा, इथं तं काईच नाई दिसून राह्यलं. हे बुढे बाबा हायेत, त्याह्यले इचारलं. थे म्हनतेत, या हप्त्यात तुमी तिसरे."