काजळातला आदिवासी

स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या शहरवस्तीतील पालकांना आपल्या चिरंजीवांस ‘आदिवासी’ करण्याचा जो उत्साह चढतो, त्याचे साहित्य मोठे माफक असते: अंगभर काजळ, कमरेला आंब्याचे डहाळे, डोक्यास कोंबडीची पिसे, हाती पुठ्ठ्याचा भाला, आणि मुखी कोणत्याही गोंड वा माडिया माणसाने कधी न उच्चारलेला, परंतु हिंदी चित्रपटांनी सर्वमान्य करून सोडलेला हुंकार. ज्या चंद्रपुरास गोंड राजांचा परकोट आजही वेढून उभा आहे आणि जेथील कारागृहात इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध उठाव करणाऱ्या गोंड बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फासावर चढविले, त्या नगरीतील वेशभूषा स्पर्धेच्या परीक्षकांना या सोंगात कसलीच उणीव भासत नाही. पहिले बक्षीस बहुधा सर्वांत गडद रंगालाच जाते. मागच्या रांगेत तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, गणवेशातली एखादी माडिया मुलगी हे निमूटपणे पाहत असते, पण तिला आदिवासी म्हणून कोण ओळखणार? पिसे कोठे आहेत तिला? पुढे तिलाच राखीव जागेवर प्रवेश हवा झाला, की आजोबा-पणजोबांचे १९५० पूर्वीचे महसुली कागद घेऊन जमात पडताळणी समितीपुढे हजर व्हावे लागते. तेव्हा सरकारदरबारी नम्र अर्ज एवढाच, की यापुढे काजळाची डबी हाच ग्राह्य पुरावा मानावा. वर्षानुवर्षे तुंबलेली प्रकरणे पाच मिनिटांत निकाली निघतील, आणि परीक्षक तर तयारच आहेत.