एक ब्रास हौस

चारशे चौरस फुटांच्या लॉनला लेखक ‘मैदान’ म्हणत आणि आल्यागेल्याला तिथे चपला काढायला लावत. एप्रिलमध्ये मैदानाला टक्कल पडू लागलं, तेव्हा दुःख गवताचं कमी आणि अब्रूचं जास्त होतं.

माळ्याने उपाय सांगितला होता, टॉप ड्रेसिंगचा. गवत बारीक कापा, सळईने भोकं पाडा, चाळलेली माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू कालवून पाव इंच पसरा, खराट्याने झाडा. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. पण नुसतं माळ्याचं ऐकायचं, तर मग शिकलो कशाला? लेखकांनी वाचन केलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गोल्फ मैदानावर ओल्ड टॉम मॉरिस वाळू पसरत, हे सोसायटीत चौघांना ऐकवलं. हिशेब तेवढा राहिला. पाव इंचाला सव्वाआठ घनफूट, म्हणजे वीस-बावीस घमेली पुरली असती. लेखकांनी एक ब्रास माल मागवला. ब्रास म्हणजे १०० घनफूट. चारशे चौरस फुटांवर बरोबर तीन इंच. ते टॉप ड्रेसिंग नव्हे, दफन.

शेणखत कच्चं निघालं. वास तीन बंगले ओलांडून गेला आणि हुमणीच्या अळ्या घरपोच आल्या.

सळई चार इंचांवर ठण्ण वाजली. खाली विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या आणि दगड झालेली सिमेंटची अख्खी गोणी. इथे पूर्वी शेत होतं. बिल्डरने काळी माती उचलून नेली, राडारोडा पुरला आणि वर ‘लँडस्केप गार्डन’चे पैसे लावले. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात; ती एका आठवड्यात डंपरमधून गेली असेल. यावर लेखकांना अजून विनोद सुचलेला नाही.

पावसाळ्यात बार्शीकडून अण्णा आले. मातीचा थर भेदून हिरवे कोंब वर आले होते. लेखक अभिमानाने म्हणाले, “बर्म्युडा ग्रास आहे, अण्णा. रोलने आणलंय.”

अण्णांनी एक धांडा उपटला, कांडी नखाने सोलली. “ही हरळी हाय की रं.”

खरंच होतं. बर्म्युडा, हरळी, दूर्वा: वनस्पतिशास्त्रात तिघींचं नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला जुडीने वाहायची, क्रिकेटच्या मैदानावर पाणी घालून वाढवायची आणि शेतात दिसली की शिव्या घालायच्या. जमिनीखालच्या तिच्या कांड्याला जितके पेर, तितके पुनर्जन्म. नांगराने तुकडे झाले की वाढतेच. अण्णांनी चाळीस उन्हाळे तिच्यामागे वाकून काढले. त्या हरळीमुक्त रानातल्या ज्वारीवर लेखकांची फी भरली गेली, आणि शिकून त्यांनी हरळी विकत घेतली.

“केवढ्याला?” अण्णांनी विचारलं.

लेखकांनी आकडा निम्मा करून सांगितला. अण्णा काही बोलले नाहीत.

दुपारी लेखक झोपून उठले, तेव्हा अण्णा खुरपं घेऊन मैदानात उकिडवे बसले होते. कुंपणालगत हरळीचा व्यवस्थित ढीग लागला होता, आणि तिसरा कोपरा चालू होता.